डोळ्यांच्या भीतीने ॲस्पिरिन सोडू नका : ज्येष्ठ नागरिक संघांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि आरोग्य समितीचे सदस्य,
महाराष्ट्रातील सर्व ज्येष्ठ नागरिक संघ (फेस्कॉम या ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाशी संलग्न असोत वा नसोत)

विषय : ‘ॲस्पिरिनने डोळ्याचा पडदा जातो’ ही समजूत आणि संघांच्या आरोग्य शिबिरांत करायचे काही बदल

सस्नेह नमस्कार.

‘रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांची म्हातारपणी नजर जाते’ अशा अर्थाचा मजकूर ज्येष्ठांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतो. तो वाचून कोणी आपणहून गोळी बंद करतो, कोणी एक दिवसाआड घेऊ लागतो, आणि डॉक्टरांना हे सांगायचे राहून जाते. मजकूर अगदीच हवेतला नाही, त्याला जुन्या संशोधनाचा आधार आहे. मात्र त्यानंतर काय निघाले ते त्यात नसते. आम्ही नेत्रतज्ज्ञ, फिजिशियन आणि फार्मासिस्ट मिळून हे पत्र लिहीत आहोत. तुमचा फलक, तुमची मासिक सभा आणि तुमचे शिबिर जिथे पोचते, तिथे आमचे दवाखाने पोचत नाहीत, म्हणून ते तुम्हाला.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. ज्यांना हार्ट ॲटॅक येऊन गेला आहे, स्टेंट बसवला आहे, बायपास झाली आहे किंवा मेंदूत गुठळी अडकून पक्षाघात झाला आहे, त्यांनी डोळ्यांच्या भीतीने ॲस्पिरिन बंद करू नये. यातले काहीच झालेले नसेल, तर साठीनंतर ‘रक्त पातळ राहिलेले बरे’ म्हणून ती स्वतःहून सुरूही करू नये. या दुसऱ्या सल्ल्याचा डोळ्यांशी संबंध नाही, तो पोटातल्या आणि मेंदूतल्या रक्तस्रावामुळे आहे.

आता आजाराविषयी. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मधोमध जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा एक भाग असतो, त्याला मॅक्युला म्हणतात. वाचणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, बसची पाटी, सुईत दोरा ओवणे, ही सगळी बारीक नजर त्याच्यावर चालते. वयानुसार त्याची झीज होते, तो आजार म्हणजे एएमडी. सुरुवातीला पडद्याखाली पिवळट साठे जमतात, त्यांना ड्रुसेन म्हणतात. ते कित्येकांत आयुष्यभर तसेच राहतात आणि काही त्रास देत नाहीत. पुढे काहींत पेशी हळूहळू झडत जातात, हा ड्राय प्रकार. काहींत पडद्याखालच्या थरातून नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वर घुसतात, पाझरतात, कधी फुटतात. हा वेट प्रकार. तो आठवड्यांत, क्वचित एका रात्रीत, मधली नजर घेऊन जातो. बाजूचे दिसणे शिल्लक राहते, त्यामुळे माणूस घरात फिरतो-वावरतो आणि घरच्यांना वाटते की फार काही झालेले नाही. गुडगाव आणि पाँडिचेरी परिसरात साठीपुढच्या लोकांची मोठी पाहणी झाली होती. तिच्यात पुढच्या टप्प्याचा एएमडी सुमारे १.२ टक्के लोकांत आढळला. दोनशे सभासदांच्या संघात असे दोघे-तिघे असणार, असा साधा हिशेब आहे.

ॲस्पिरिन ही ‘रक्त पातळ करणारी गोळी’ आणि वेट एएमडी म्हणजे फुटणाऱ्या रक्तवाहिन्या. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की भीती आपोआप तयार होते. वास्तविक ॲस्पिरिनने रक्त पातळ होत नाही. रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गुठळी करतात, ते ती रोखते. एकदा गोळीचा परिणाम झालेली प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तशीच राहते. म्हणून एक दिवस गोळी चुकली तर काही बिघडत नाही, आणि दहा दिवस बंद ठेवली तर संरक्षण जवळजवळ पूर्ण संपलेले असते.

भीतीचे मूळ २०१२-१३ मध्ये आहे. सात युरोपीय केंद्रांत ६५ वर्षांपुढच्या ४,६९१ लोकांची पाहणी झाली. रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांत वेट एएमडी दुपटीने दिसला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बीव्हर डॅम गावी वर्षानुवर्षे चाललेल्या पाहणीत असे आढळले की, दहा वर्षांपूर्वी नियमित ॲस्पिरिन घेणाऱ्यांत पुढच्या टप्प्याचा आजार १.८ टक्क्यांना झाला, न घेणाऱ्यांत १.० टक्क्याला. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्सच्या पाहणीतला फरक आणखी मोठा होता. १५ वर्षांत वेट एएमडी नियमित घेणाऱ्यांत ९.३ टक्के, इतरांत ३.७ टक्के. बातम्यांनी ‘दुप्पट’, ‘अडीचपट’ हे शब्द उचलले. बीव्हर डॅमचे दुप्पट म्हणजे हजारांत आठ माणसे जास्त, हे छापायला मात्र कोणाला जागा मिळाली नाही.

या पाहण्या खोट्या नव्हत्या. त्यांची अडचण वेगळी आहे. ॲस्पिरिन कोण घेतो? ज्याचे वय जास्त, ज्याला ब्लडप्रेशर आहे, ज्याने सिगारेट ओढली आहे, ज्याचे हृदय एकदा दुखावले आहे, तो. एएमडी कोणाला होतो? बराचसा त्याच माणसाला. मग पडदा गोळीने बिघडला की गोळी ज्या कारणाने सुरू झाली त्या कारणाने, हे नुसत्या निरीक्षणातून सुटे करता येत नाही. गणिताने वय, धूम्रपान वगैरे वजा करतात, पण सगळे वजा होत नाही. त्यात ‘नियमित’ याची व्याख्याही सैल होती. बीव्हर डॅममध्ये तीन महिन्यांहून अधिक काळ आठवड्यातून दोनदा घेतली तरी माणूस नियमित. ब्लू माउंटन्समध्ये आठवड्यातून एकदा पुरेसे होते. तिथे १५ वर्षांत वेट एएमडी झालेले एकूण लोकच ६३ होते, एवढ्यावर अडीचपटीचा डोलारा उभा होता.

हा गुंता सोडवायचा तर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावे लागतात. एका गटाला ॲस्पिरिन, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, आणि कोणाला काय मिळाले हे तपासणाऱ्यालाही ठाऊक नाही. अशा चाचण्या झाल्या आहेत. अमेरिकेत २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर झालेल्या चाचणीत ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिवसाआड दिली होती. तिच्यात एएमडीचे प्रमाण ॲस्पिरिनच्या गटात उलट थोडे कमी निघाले, पण फरक योगायोगाचा म्हणण्याइतका लहान. सुमारे ३९ हजार स्त्रियांच्या चाचणीत १०० मिलिग्रॅम दिवसाआड, दहा वर्षे. नजर बिघडवणारा एएमडी ॲस्पिरिनच्या गटात १११ जणींना, दुसऱ्या गटात १३४ जणींना झाला. पुन्हा तेच, वाढ नाही.

ज्येष्ठांसाठी सर्वांत जवळची चाचणी म्हणजे ॲस्प्री. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९,११४ माणसे, बहुतेक सत्तरीपुढची, हृदयविकार किंवा पक्षाघात न झालेली, रोज १०० मिलिग्रॅम. तिच्यातल्या ऑस्ट्रेलियन लोकांपैकी काहींच्या पडद्याचे फोटो सुरुवातीला आणि तीन वर्षांनी काढले होते. त्याचा निकाल २०२२ मध्ये आला. नव्याने एएमडी झाला तो ॲस्पिरिन घेणाऱ्यांत १९.४ टक्के, न घेणाऱ्यांत १९.१ टक्के. आधीच सौम्य आजार असलेल्यांत तो पुढच्या टप्प्यावर गेला ६१५ पैकी १४ जणांत, आणि दुसऱ्या गटात ५८५ पैकी १८ जणांत. ज्यांना एएमडी आहेच अशांची अमेरिकेतल्या दोन मोठ्या अभ्यासांतली माहिती २०१९ मध्ये वय आणि धूम्रपानासारख्या बाबींनुसार जोड्या लावून तपासली गेली, तिथेही ॲस्पिरिनने आजार पुढच्या टप्प्यावर नेल्याचे दिसले नाही.

आता या बाजूची लंगडी बाजूही सांगायला हवी. स्त्रियांच्या चाचणीतल्या बहुतेक जणी पन्नाशीच्या आसपासच्या होत्या. ॲस्प्रीतला डोळ्यांचा भाग तीन वर्षांतच थांबला, आणि १४ विरुद्ध १८ हे आकडे इतके लहान आहेत की त्यावरून ‘ॲस्पिरिन पडद्याला वाचवते’ असे कोणी म्हणाले तर तेही तितकेच चूक. पंधरा वर्षांनी होणारा एखादा हळू परिणाम तीन वर्षांच्या चाचणीत सापडणार नाही. तरीही आमचे मत ठाम आहे, आणि त्याला कारण आहे दुसऱ्या पारड्यातले वजन.

समजा, सर्वांत भीतिदायक पाहणी खरी आहे. ब्लू माउंटन्सप्रमाणे १५ वर्षांत हजारी छप्पन्न, म्हणजे वर्षाला साधारण चार. आता गोळी बंद केल्याचे पाहा. स्वीडनमध्ये कमी डोसची ॲस्पिरिन घेणाऱ्या ६,०१,५२७ लोकांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष आला. आधी हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या आणि गोळी सोडलेल्या लोकांत दर ३६ माणसांमागे एका वर्षात एक जादा झटका. हेही निरीक्षणच, म्हणून वरची शंका इथेही लागू आहे. मात्र या गटात ॲस्पिरिनचा उपयोग चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्यांतही दिसलेला आहे. अशा चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर पुन्हा झटका येण्याचे प्रमाण वर्षाला ८.२ टक्क्यांवरून ६.७ टक्क्यांवर येते. म्हणजे हजारी पंधरा माणसे, तीही दरवर्षी. स्टेंट नवा असेल तर प्रश्न टक्केवारीचा राहतच नाही. पहिल्या काही महिन्यांत गोळी तोडली आणि स्टेंटमध्ये गुठळी झाली, तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंतचीही उसंत मिळेलच असे नाही.

हे झाले ज्यांना गरज आहे त्यांचे. ज्यांना काहीच झालेले नाही, त्यांच्यासाठी ॲस्प्रीने दिलेले उत्तर गोळीच्या विरोधात आहे. निरोगी, स्वावलंबी आयुष्य वाढले नाही. गंभीर रक्तस्राव मात्र २.८ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर गेला. मधुमेहींच्या एका मोठ्या चाचणीत झटके ९.६ वरून ८.५ टक्क्यांवर आले आणि गंभीर रक्तस्राव ३.२ वरून ४.१ टक्क्यांवर गेला. एका हाताने मिळाले ते दुसऱ्या हाताने गेले. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२२ मध्ये साठीनंतर असे नव्याने सुरू करू नका, असे स्पष्ट सांगितले. म्हणून शिबिरात ईसीजी काढून ‘खबरदारी म्हणून’ पंच्याहत्तर मिलिग्रॅम ॲस्पिरिनची पट्टी हातावर ठेवण्याची पद्धत संघांनी बंद करावी. ईसीजीत काही सापडले तर डॉक्टरकडे पाठवा, गोळी वाटू नका.

गोळीबद्दल आणखी थोडे, कारण गोंधळ खरा इथे होतो. आपल्याकडे रोजच्या वापराची ॲस्पिरिन ७५ किंवा १५० मिलिग्रॅमची असते, इकोस्प्रिनसारख्या नावाने, १४ गोळ्यांच्या पट्टीत. पाण्यात विरघळणारी डिस्प्रिन ३०० मिलिग्रॅमहून मोठी असते, ती रोजची गोळी नव्हे. शिवाय ॲस्पिरिन एकटी येतेच असे नाही. इकोस्प्रिन एव्हीमध्ये तिच्यासोबत कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन असते. इकोस्प्रिन गोल्डमध्ये त्यावर प्लेटलेट्सनाच रोखणारी क्लोपिडोग्रेलही. क्लोपिलेट ए किंवा डीप्लॅट ए यांतला ‘ए’ ॲस्पिरिनचा. यातून दोन चुका होतात. एक, ‘ॲस्पिरिन बंद केली’ म्हणणारा माणूस कॅप्सूल बंद करतो आणि त्याबरोबर स्टॅटिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही सोडून बसतो. दोन, हॉस्पिटलातून सुटताना गोल्डची कॅप्सूल लिहून दिलेली असते, घरात जुनी इकोस्प्रिनची पट्टी शिल्लक असते, आणि दोन्ही चालू राहतात. नाव वाचून हे कळत नाही. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात घटक छापलेले असतात, ते भिंगाखाली वाचावे लागतात. पट्टी फाडताना तोच भाग आधी जातो, ही वेगळीच पीडा. पट्टी उलट्या टोकाकडून वापरायला सांगा.

आवरण असलेली गोळी कुटून किंवा चावून घेऊ नये, आवरण पोटासाठी असते. अपवाद एकच. हार्ट ॲटॅकची शंका असेल तर १०८ ला फोन लावून, ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा सध्या कुठे रक्तस्राव नसेल तर, सुमारे ३०० मिलिग्रॅम चावून घेतात. गुडघ्यांसाठी कॉम्बिफ्लाम घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्यातली आयबुप्रोफेन ॲस्पिरिनची जागा अडवते. ॲस्पिरिनच्या आधी ती घेतली तर त्या दिवशीची ॲस्पिरिन बरीचशी वाया जाते. डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी आणि ॲस्पिरिन एकत्र म्हणजे पोटात अल्सरला निमंत्रण. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरत असेल तर तीच बरी. शौचाला डांबरासारखी काळी होणे ही त्याच दिवशी डॉक्टर गाठण्याची गोष्ट आहे (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, तेही सांगा). आणि पावसाळ्यात ताप आला, डेंग्यूची शंका असली, तर ॲस्पिरिन चालू असल्याचे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावे.

मोतीबिंदूच्या शिबिरांबद्दल जरा स्पष्ट बोलतो. यादीत नाव आले की ‘रक्त पातळ करायची गोळी सात दिवस आधी बंद’ असे सरसकट सांगितले जाते. आजची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बहुधा थेंबांची भूल देऊन, दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून होते, तिच्यासाठी ॲस्पिरिन सहसा बंद करावी लागत नाही. डोळ्याजवळ इंजेक्शनने भूल द्यायची असेल किंवा सोबत क्लोपिडोग्रेल, वॉरफरिनसारखे गुठळी रोखणारे दुसरे औषध असेल, तर सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर आपसांत ठरवतात. त्याहून मोठी चूक नंतर होते. बंद करायला सांगणारा शिबिरात भेटतो, पुन्हा सुरू करायला सांगणारा कोणीच नसतो, आणि दोन महिन्यांनी माणूस सांगतो, ‘डोळ्याच्या डॉक्टरांनी बंद केली.’ तुमच्या चिठ्ठीवर बंद केल्याच्या तारखेशेजारी सुरू करायची तारीख आणि सही हवी. ही जागा रिकामी असेल तर चिठ्ठी परत करा.

ॲस्पिरिन घेणाऱ्याच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर सकाळी अचानक लालभडक डाग उमटतो. खोकला, शिंक, कोठ्यासाठी जोर, किंवा काहीच नाही. दिसायला भयंकर, प्रत्यक्षात वरच्या पातळ आवरणाखाली सांडलेले थेंबभर रक्त. दुखत नाही, नजर जशीच्या तशी, एक ते दोन आठवड्यांत पिवळट होऊन जातो. ब्लडप्रेशर मोजावे, वॉरफरिनवर असाल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासावा, आणि गोळी चालू ठेवावी. पडद्याच्या आजाराशी याचा काडीचा संबंध नाही. पडद्यात रक्त सुटते तेव्हा डोळा बाहेरून अगदी स्वच्छ दिसतो. आत मात्र अचानक मधोमध काळा किंवा तपकिरी धब्बा येतो, खांब वाकडे दिसतात. तो डोळा त्याच दिवशी दाखवायचा. वेट एएमडी असलेल्या आणि ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांपैकी एकाहून अधिक औषधे घेणाऱ्या माणसात असा रक्तस्राव झालाच तर तो मोठा असू शकतो, ही शंका तज्ज्ञांनाही आहे. पण कोणते औषध ठेवायचे आणि कोणते कमी करायचे, हे रेटिनातज्ज्ञ आणि हृदयतज्ज्ञ मिळून ठरवतात. रुग्णाने रात्री झोपताना एकट्याने नव्हे.

मग डोळ्यांसाठी करायचे काय? सिगारेट-बिडी सोडणे सर्वांत वर. नंतर तपासणी. टॉर्च मारून मोतीबिंदू दिसतो, मॅक्युला दिसत नाही. त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते. त्याला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि पुढचे चार-सहा तास जवळचे अंधुक दिसते, उजेड टोचतो. म्हणून त्या दिवशी स्कूटर नको, सोबत कोणीतरी हवे. साठीनंतर वर्षा-दोन वर्षांनी अशी तपासणी व्हावी, आई-वडील किंवा भावंडांत एएमडी असेल तर आणखी नियमाने. ‘मोतीबिंदूच असेल, पिकू दे’ म्हणून थांबलेल्यांत कित्येकांना पडद्याचा आजार निघतो.

घरची तपासणी म्हणजे ॲम्सलरची जाळी. दहा सेंटिमीटर बाजूचा चौरस, पाच मिलिमीटरचे चौकोन, म्हणजे आडवे वीस, उभे वीस, मध्ये ठिपका. जवळचा चष्मा लावून, साधारण ३० सेंटिमीटरवर धरून, एक डोळा तळहाताने झाकून फक्त ठिपक्याकडे पाहायचे. रेषा वाकतात का, एखादा चौकोन गायब आहे का, कुठे करडा डाग आहे का. मग दुसरा डोळा. चुका ठरलेल्या आहेत. दोन्ही डोळे उघडे ठेवले की चांगला डोळा वाईटाचे झाकतो, आणि हा आजार उशिरा सापडण्यामागचे हे एक मोठे कारण. बायफोकल असेल तर खालच्या भागातून पाहावे लागते, लोक वरच्या भागातून पाहतात. ठिपका सोडून नजर जाळीभर फिरवली तर डाग नजरेबरोबर सरकतो आणि सापडत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलात तर रेषा कागदावरच वाकड्या होतात, आणि निम्मा संघ घाबरतो. मूळ प्रतीवरून, आकार न बदलता छापा, नाहीतर चांगल्या आलेख कागदावर हाताने आखा. मोबाइलवर पाठवलेले चित्र यासाठी निरुपयोगी, प्रत्येकाच्या स्क्रीनवर त्याचा आकार वेगळा. जाळी कालनिर्णयाशेजारी लावा आणि आठवड्याचा एक वार ठरवा. नवा बदल दिसला तर दोन-तीन दिवसांत रेटिनातज्ज्ञ, मधोमध अचानक डाग आला असेल तर त्याच दिवशी, पुढच्या शिबिराची वाट पाहायची नाही. जाळी ठीक दिसली म्हणजे पडदा ठीक, असे मात्र नाही. थेंब घालून तपासणी तिने टळत नाही.

वेट एएमडीवर आज उपचार आहे. डोळ्यात इंजेक्शन म्हटले की लोक मागे फिरतात, म्हणून तपशील सांगावा. थेंबांनी डोळा बधिर करतात, बीटाडीनच्या सौम्य द्रावणाने धुतात आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून ०.०५ मिलिलीटर औषध सोडतात. रॅनिबिझुमॅब, बेव्हासिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही त्यातली नावे. प्रत्यक्ष टोचणे काही सेकंदांचे. यासाठीही ॲस्पिरिन बंद करावी लागत नाही. टोचल्या जागी वर सांगितला तसा लाल डाग आला तर चिंता नाही. पण पुढच्या पाच-सहा दिवसांत दुखणे वाढले, डोळा लाल होत गेला आणि नजर उतरली, तर तो जंतुसंसर्ग समजून तासाभराचाही उशीर न करता हॉस्पिटल गाठायचे. सुरुवातीला बहुधा महिन्याला एक अशी तीन इंजेक्शने, नंतर ओसीटी तपासणी (पडद्याच्या थरांचे स्कॅन) पाहून अंतर वाढवत नेतात. तिसऱ्यानंतर बरेच जण इंजेक्शने सोडतात. कोणाला बरे दिसू लागले म्हणून, कोणाला काहीच फरक नाही म्हणून, कोणाला खर्च झेपत नाही म्हणून. तिसऱ्या कारणावर स्वस्त पर्याय आहेत, ते डॉक्टरांना विचारता येतात. पहिल्या दोन कारणांनी सोडले की पाझर परत येतो.

कॅप्सूलबद्दल थोडक्यात. शिबिरात ‘डोळ्यांचे व्हिटॅमिन’ विकायला येणारे असतात. उपयोग सिद्ध झाला आहे तो ठरावीक मिश्रणाचा : रोज व्हिटॅमिन सी ५०० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन ई ४०० युनिट, ल्युटिन १० आणि झिॲझँथिन २ मिलिग्रॅम, झिंक ८० आणि तांबे २ मिलिग्रॅम. तोही मध्यम टप्प्याचा एएमडी असलेल्यांत किंवा एका डोळ्यात पुढचा टप्पा असलेल्यांत. निरोगी पडद्याला त्याने आजार टळतो, असे नाही. लेबल समोर ठेवून आकडे ताडा, बहुतेक विक्रेते तिथेच गप्प होतात. बीटा कॅरोटिन असेल तर सिगारेट ओढणाऱ्याला देऊ नका, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. एवढ्या मोठ्या मात्रेतले व्हिटॅमिन ई, तसेच लसणाच्या किंवा गिंकोच्या कॅप्सूल ॲस्पिरिनसोबत घेत असाल तर डॉक्टरांना कळवा.

संघांकडे आमच्या मागण्या थोड्या आहेत. शिबिराच्या फॉर्मवर ‘चालू औषधे’ असा एक रकाना असतो आणि त्यात ‘बीपीची गोळी’ एवढेच लिहिलेले असते. त्याऐवजी सभासदांना रिकाम्या-भरल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणायला सांगा आणि संघातल्या निवृत्त फार्मासिस्टला किंवा परिचारिकेला टेबलावर बसवून पट्टीमागचे घटक उतरवून घ्या. ॲस्पिरिन निघाली तर शेजारी लिहा : कोणत्या कारणाने सुरू झाली, कोणी केली, कोणत्या साली. ‘ठाऊक नाही’ हे उत्तर बरेचदा येईल. अशांना गोळी बंद करायला सांगू नका. जुन्या फायलीत स्टेंट निघतो, मुलांनी न सांगितलेला सौम्य झटका निघतो. त्यांची यादी करून त्यांना त्यांच्या फिजिशियनकडे एकच प्रश्न घेऊन पाठवा : ‘ही गोळी मला अजून हवी का?’ ज्यांना नको असे ठरेल, त्यांची ती डॉक्टर बंद करतील.

मासिक सभेत चहाआधी पाच मिनिटे जाळीची तपासणी घ्या, सगळ्यांना जवळचे चष्मे आणायला आदल्या दिवशी कळवा. फलकावर पुढचा मजकूर मोठ्या अक्षरात लावला तरी चालेल, फेरफार न करता :

‘ॲस्पिरिनमुळे पडद्याचा आजार होतो हे चाचण्यांत दिसलेले नाही. हृदयविकार, स्टेंट, बायपास किंवा पक्षाघातानंतर दिलेली ॲस्पिरिन स्वतः बंद करू नका. डॉक्टरांनी सांगितलेले नसेल तर स्वतः सुरूही करू नका. रेषा वाकड्या दिसल्या तर दोन-तीन दिवसांत, अचानक मधोमध डाग किंवा काळोख आला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.’

अक्षरे निदान दोन सेंटिमीटर उंच असावीत, पिवळ्या किंवा पांढऱ्या कागदावर काळी. चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाइट त्यात चमकते आणि ज्यांच्यासाठी लावले त्यांनाच वाचता येत नाही.

आपले,
ज्येष्ठांवर उपचार करणारे काही नेत्रतज्ज्ञ, फिजिशियन आणि फार्मासिस्ट